तीन बोटं फेस

—नाही साहेब, आधी प्या, मग विचारा. समोर फेस बसत चाललाय आणि तुम्ही चौकशा करताय, बिअर कंपनीचे आहात हे कुणाला खरं वाटायचं नाही. हं, आता कसं. कुणी भरली? भरली कुणीतरी. नळावर माणूस कोण, एवढंच लिहायचंय ना तुमच्या कागदावर? आणि माणूस नसला तर पिंपं येणं बंद आणि आमच्या दाराला कुलूप — कळलं मला, दोनदा सांगितलंत. मग ऐका, पहिल्यापासून सांगते, मला मधूनच सांगता येत नाही.

तर एक होता व्हेंडेलीन, एक होती त्याची बायको, आणि दोघांच्या मधे होता हा नळ. तो भरायचा, ती ग्लास धुवायची. अडतीस वर्षं. धुणं सोपं वाटतंय? गुलाशच्या रश्श्याच्या तेलाचा एक थेंब राहिला, कुणाच्या ओठांची लाली राहिली, की फेस मेला म्हणून समजा. गार पाण्यात बुडवायचा, पुसायचा नाही, ओलाच पुढे करायचा. पण नळाला हात? छे! व्हेंडेलीन म्हणायचा, बाईचा हात लागला की पिंपातली बिअर रुसते. ती म्हणायची, बरं. काय करणार, हात साबणात होते. भरायचा मात्र असा — खोटं कशाला बोलू — ग्लास तिरका, आधी फेसाची गादी, मग नळ एका झटक्यात पुरा उघडायचा, की बिअर गादीखाली गुपचूप शिरते. वर फेस दोन बोटं. नळ अर्धवट उघडलात की नुसता फेस, ग्लासभर, पांढराफेक. त्याला आम्ही दूध म्हणतो. तेही देतात, पण शेवटी. दूध समोर आलं की काय समजायचं? एका दमात प्यायचं, टोपी घ्यायची, घरी जायचं.

आणि मग व्हेंडेलीनचा हात कापायला लागला. कुणाला सांगितलं नाही त्यानं, बायकोलाही नाही. एका गुरुवारी दुपारी चारला, त्या खिडकीपाशी बसणाऱ्या तिघांनी — तेच ते, वळून बघू नका, ऐकतायत — बिअर मागितली. नळ अर्ध्यावर थरथरला आणि तिघांपुढे आली तीन दुधं. भर दुपारी! कोण काय बोलणार? प्यायले, टोप्या घातल्या, गेले. तो मधमाश्यांवाला बोहुमीर तेवढा दारातून म्हणाला, "व्हेंडेलीन, आमचं काही चुकलं का रे?" व्हेंडेलीननं हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवसापासून — ही धुण्याची मोरी बघा, नळाला चिकटूनच आहे, त्याच्या कोपराशी — तो गिऱ्हाइकांकडे तोंड करून विनोद सांगायचा, तेच, जुने, आणि त्याच्या काखेखालून तिचा हात यायचा, त्याच्या हातावर बसायचा, आणि एका झटक्यात नळ पुरा. यावर दोघांत बोलणं असं काही झालं नाही. सहा वर्षं. भिंतीवरची ती पितळी पाटी त्यातल्याच चौथ्या वर्षाची, तुमच्याच लोकांनी दिलेली, उत्तम हाताबद्दल. कुणाचा हात ते लिहिलेलं नाही. रोज पुसायचा तो पाटी. लग्न झाल्यापासून रस्त्यात कधी माझा हात धरला नाही साहेब त्यानं, आणि आता रोज सहा-सहा तास — तिचा. तिचा हात, त्या बायकोचा. गोष्ट सांगतेय मी.

जाऊ दे. लिहा, व्हेंडेलीन गेला, नळावर माणूस नाही. नात राडका आत बॅग भरतेय, शहरात, प्लझेनला काम शोधणार म्हणते. लिहून टाका.

हे काय, चिठ्ठी? त्या तिघांनी दिली? कधी? तुम्हीच वाचा, माझा चष्मा ओला झालाय. वाफेनं... पुन्हा वाचा. "व्हेंडेलीनला जाऊन सात आठवडे झाले. बिअर बदललेली नाही. फेस मात्र सहा वर्षांपूर्वीच दोन बोटांचा तीन बोटं झाला. काय समजायचं ते समजा." — हं. तीन कसली, त्याच्या बोटांनी दोनच. माझी बोटं बारीक आहेत. अहो बोहुमीरभाऊजी, सहा वर्षं माहीत होतं आणि तोंडातून शब्द नाही? काय? बोललो असतो तर विनोद कुणी सांगितले असते, म्हणता?... तेही खरंच.

लिहिलंत, नळावर मी म्हणून? माझं नाव? ओटिल्या, पुरं लिहा, ओटिल्का हे लोक म्हणतात. शिक्का आहे ना? उमटला? राडका, अगं राडका, बॅग सोड, हात धू आणि नळापाशी ये — साबण नीट जाऊ दे. आणि साहेब, हे तुम्हाला. बघा, नळ अर्धाच उघडतेय, मुद्दाम. एका दमात. टोपी दारामागे आहे.