अण्णांची घंटी आणि चार ओहमचे स्पीकर

मंडळी, आज थेट प्रश्नालाच हात घालतो. माणूस बिघडायला काय लागतं हो? बोला की! 'दारू' — कोण म्हणालं? बरोबर. आणखी? 'जुगार!' बरं. 'वाईट संगत!' ती तर आहेच. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे, कारण आमच्यासारखे बुवा दरवर्षी येऊन तेच तेच सांगून जातात!

आता जरा अवघड विचारतो. चांगल्या गोष्टीनं माणूस वाया जातो का? जिला कुणी नाव ठेवणार नाही, शेजारी म्हणतील 'वा, काय आवड आहे' — अशा गोष्टीनं? एकमेकांकडं काय बघताय? आमचे पेटीवाले मात्र जोरात मान हलवतायत — 'नाही नाही' म्हणून. त्यांना वाटतंय, बुवा पेटीवर घसरणार! नाही हो, तुमच्या पोटावर पाय देत नाही. ऐका तर मग.

गोष्ट जयसिंगपूरची. माणूस हयात आहे, म्हणून नाव बदलून सांगतो. त्यानंच मला हात जोडून सांगितलं, 'बुवा, चारचौघांत सांगा हे. माझी लाज राखू नका.' आपण त्याला मुकुंद म्हणू. मुकुंद शिरगुप्पे. साखर कारखान्यात विजेच्या खात्यात इंजिनियर. सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही! बायको वैजयंता, शाळेत शिकवते. आणि घरात वडील — अण्णा.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म दोरी ओढण्यात गेला. एक टण — गाडी थांबली. टण टण — गाडी निघाली. त्या घंटीवर पोरगा इंजिनियर झाला बघा! पुढं निवृत्त झाले, आणि एक दिवस न्हाणीघरातून बाहेर येता येता कोसळले. अर्धांगवायू! उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. बोलता येत नव्हतं.

मग मुकुंदनं काय केलं? शहाणा मुलगा! अण्णांच्या पलंगाला डाव्या हाताशी एक बटण लोंबकळत सोडलं, तिथून तार नेली आणि पुढच्या खोलीत घंटी बसवली. एक टण — पाणी हवंय. टण टण — ये. लगेच ये. एसटीत दोन घंट्या म्हणजे 'चला', घरात दोन घंट्या म्हणजे 'ये'. अण्णांनी पहिल्यांदा बटण दाबलं, मुकुंद धावत गेला, तेव्हा म्हातारा हसला. अर्ध्याच तोंडानं हसला, पण हसला! वैजयंतेनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "अण्णा बोलायला लागले की हो!"

खोटं काय होतं त्यात? तीच तर त्यांची वाचा होती.

आता येतो मुकुंदच्या आवडीकडं. गाणं! शास्त्रीय गाणं! आणि नुसतं गाणं नाही, ते ऐकायचं कसं, त्याचं वेड. कुणाकडून तरी जुने, विलायती, कमरेएवढे उंच स्पीकर घेतले. पेटाऱ्यासारखे! आणून ठेवले, आवाज वाढवणारा जुना छोटा ॲम्प्लिफायर जोडला, सुरू केला — आणि आवाज कसा? सर्दी झालेल्या गवयासारखा! थोडा वाढवला तर फाटला. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवला तर चटका!

आता तुम्ही म्हणाल, बुवांना यातलं काय कळतंय? मुकुंदनं मला दोन तास समजावून सांगितलंय, तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो. स्पीकर म्हणजे घरात आलेली सून नव्हे, तो जावई! त्याला काय पचतं ते सासऱ्यानं, म्हणजे ॲम्प्लिफायरनं, बघायचं. ओहम म्हणजे वीज अडवायचं माप. काही स्पीकर आठ ओहमचे असतात, बिचारे थोडक्यात भागवतात. काही चार ओहमचे — ते वीज अडवत नाहीत, ओढतात. ओढतच राहतात! सासऱ्याची ऐपत नसेल, तर सासरा तापतो, धापा टाकतो. आणि गंमत ऐका: ॲम्प्लिफायर अंगापेक्षा मोठा आला म्हणून स्पीकर जळतो असं लोकांना वाटतं. तसाही जळतो. पण छोटा ॲम्प्लिफायर ताणून ताणून ओरडायला लावला, की त्या फाटक्या आवाजानं स्पीकरचा वरचा नाजूक भाग आधी जळतो. कमी ताकदीचा माणूस ओरडतो, तेव्हा तो जास्त जाळतो! घरोघरी बघा तुम्ही. बघू नका, शेजारीच बसलेत!

तर शोध सुरू झाला. कोल्हापूरला उपाध्ये म्हणून दुकानदार. ते म्हणाले, "साहेब, डब्यावरचे वॉट वाचून घेऊ नका. चार ओहमला किती देतो ते विचारा. आणि दुकानात ऐकून भुलू नका, घरी न्या, तुमच्या खोलीत ऐका." प्रामाणिक माणूस! मुकुंदनं एक नेला. आठ दिवस ऐकला. परत. दुसरा नेला. गाणं छान, पण तबल्याचा डग्गा पोकळ. परत! तिसरा — आवाज भरदार, पण तंबोरा कोरडा. वैजयंता म्हणाली, "अहो, माझं लग्न ठरवताना एवढं बघितलं नव्हतं तुम्ही!" मुकुंद काय म्हणाला माहितीय? "तेव्हा मला ऐकण्यातलं कळत नव्हतं." घ्या!

शेवटी एक मिळाला. वजनाला असा, की दोघांनी उचलून आणला. जोडला, यमन लावला — आणि मंडळी, मुकुंद मला सांगत होता, तेव्हासुद्धा त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "बुवा, भिंत नाहीशी झाली. गवई समोर बसलाय. तान घ्यायच्या आधी त्यानं श्वास घेतला, तो ऐकू आला!" मुकुंदच्या डोळ्यांना पाणी! जमली जोडी! छत्तीस गुण!

हे पाप आहे का? नाही हो! मी तरी म्हणणार नाही. गाणं ऐकून ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो माणूस वाईट कसा? पण थांबा.

कारखान्यातले एक मित्र होते, भोसगे. त्यांनाही हाच नाद. ते ऐकायला आले. डोळे मिटून बसले. मुकुंद त्यांच्या तोंडाकडं बघतोय — आता 'वा' म्हणतील, आता म्हणतील. भोसग्यांनी डोळे उघडले.

"सगळं फस्क्लास हाय. पण एक टक्क येतंय."

"टक्क? कुठं?"

"मधीच येतंय बघ. आत्ता आलं. परत आलं!"

मुकुंदनं कान दिला. खरंच! गवई षड्जावर स्थिरावलाय, तंबोरा भरून आलाय, आणि मध्येच स्पीकरमधून — टक्क. आणि त्याच क्षणी भिंतीवर — टण.

कळलं का मंडळी? अण्णांना पाणी हवं होतं.

घंटी वाजली, की विजेच्या तारेत एक ठिणगी उडायची, आणि ती त्या नव्या, मोठ्या, निर्मळ ॲम्प्लिफायरमधून ऐकू यायची. जुन्यातून कधी आली नव्हती. तो बिचारा बहिराच होता! हा सगळं ऐकवत होता. मुकुंदनं उठून पाणी दिलं, तेव्हाच दिलं, हयगय नाही केली. पण परत येऊन बसला, तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी नव्हतं. टक्क होतं.

इंजिनियर माणूस! त्यानं फिल्टर बसवून बघितला, दुसऱ्या बोर्डवरून वीज घेऊन बघितली. टक्क जाईना. मग एक सोपा उपाय काढला. ऐकायला बसायच्या आधी खुर्चीवर चढायचं आणि घंटीची एक तार सोडवून ठेवायची. ऐकून झालं की परत जोडायची. अण्णा दुपारी झोपतातच. अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रश्न! आणि सकाळची शाळा आटपून वैजयंता घरात असतेच.

आता सांगा — यात दुष्टपणा कुठं दिसतोय? मलाही दिसत नाही. तेच तर भय आहे!

एक रविवार आला. वैजयंतेच्या बहिणीचं सांगलीला डोहाळजेवण. निघताना ती म्हणाली, "अण्णांकडं लक्ष असू द्या. भात भरवलाय, औषध दिलंय."

"घंटी आहे की," मुकुंद म्हणाला. "तू जा."

ती गेली. अण्णांचा डोळा लागला. मुकुंदनं पुढच्या खोलीचं दार लावलं, जाड पडदे ओढले, खुर्चीवर चढला, तार काढली. खाली उतरून बसला. आणि त्या दिवशी गाणं असं लागलं मंडळी, असं लागलं, की एक संपलं, त्यानं दुसरं लावलं. दुसरं संपलं, तिसरं लावलं.

आतल्या खोलीत अण्णांना जाग आली. लघवीला लागली होती. बटण दाबलं. टण टण — त्यांच्या मनात वाजली! बाहेर वाजली नाही. थांबले. कंडक्टर माणूस, दोनदा दाबून थांबायची सवय. परत दाबलं. गाणं तर ऐकू येतंय! म्हणजे पोरगा घरात आहे. पोरगा भिंतीपलीकडंच आहे! परत दाबलं. कोणी आलं नाही. अंथरूण ओलं होईल, सुनेला धुवावं लागेल — या लाजेनं म्हाताऱ्यानं डाव्या हातावर जोर दिला आणि उठायला गेला.

पडला. खुब्याचं हाड मोडलं. ओरडायला वाचा नाही! घशातून आवाज निघतो तो केवढा? पण बटणाची तार लांब होती, बटण हातात राहिलं होतं.

इकडं मुकुंद डोळे मिटून बसलाय. गवयानं घेतलेला श्वास त्याला ऐकू येतोय हो! कुठला गवई, कधी गायला, कदाचित जगातून गेलेलाही असेल — त्याचा श्वास ऐकू येतोय! आणि भिंतीपलीकडं जन्मदाता बाप फरशीवर पडून बटण दाबतोय, दाबतोय, दाबतोय. बोला, चांगल्या गोष्टीनं माणूस वाया जातो का?

दिवेलागणीला वैजयंता आली. आधी अण्णांच्या खोलीत गेली, आणि किंचाळली. ती किंचाळी मात्र त्या पडद्यातून आत शिरली. मुकुंद धावला. अण्णा फरशीवर, ओले, थंडगार. डोळे उघडे. आणि डाव्या हाताचा अंगठा बटणावर. दोनदा दाबायचा, थांबायचा. दोनदा दाबायचा, थांबायचा. माणसं समोर येऊन उभी राहिली, तरी तो अंगठा चाललेलाच होता.

वैजयंतेनं विचारलं, "घंटी ऐकू नाही आली तुम्हाला?"

मुकुंद अण्णांचं धोतर सावरायला लागला.

"अहो, मी काय विचारतेय? बिघडली होती का?"

"तार काढली होती."

"कुणी?"

"मी."

"का?"

मंडळी, या 'का'ला त्यानं दिलेलं उत्तर मी तसंच सांगतो, एक शब्द इकडचा तिकडं करत नाही. शिकला-सवरलेला माणूस, बापाच्या ओल्या धोतराशी गुडघ्यावर बसून म्हणाला, "टक्क येत होतं."

वैजयंतेनं अण्णांच्या हातातून बटण सोडवलं.

मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात, या प्रकृतीत शस्त्रक्रिया झेपणार नाही, घरी न्या, सांभाळा. घरी आणलं. मुकुंदनं काय केलं? पहिली घंटी काढली, देवळात शोभेल एवढी मोठी घंटी लावली. पुढच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक! स्वतः बटण दाबून दाखवलं — घर दणाणलं. "अण्णा, बघा. वाजतेय. कधीही दाबा. मी हितंच हाय. दाबा की एकदा."

अण्णांनी दाबलं नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तहान लागायची, ओठ कोरडे पडायचे, दाबायचे नाहीत. कुणी भांडं ओठाला लावलं तर प्यायचे. नाही लावलं, तर छताकडं बघत पडून राहायचे. मुकुंदनं रजा काढली. पलंगाशी स्टूल टाकून बसायला लागला. एकदा त्यानं बापाचा अंगठा हातात घेऊन स्वतः त्या बटणावर ठेवला. "अण्णा, तुमच्या पाया पडतो. एकदाच वाजवा!" म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. आणि अंगठा हळूच काढून घेतला.

राग होता का तो? मुकुंदनं मला विचारलं. राग असता तर बरं झालं असतं! रागावलेला माणूस निदान आपल्याशी भांडत असतो. मला वाटतं, अण्णांनी त्या दुपारी फरशीवर पडल्या पडल्या एक गोष्ट कायमची समजून घेतली होती, की पलीकडं कुणी नाही. गाणं आहे, पोरगा आहे, पण कुणी नाही. मग कशाला वाजवायची?

श्रावण लागायच्या आत अण्णा गेले. न वाजवता गेले. तो ॲम्प्लिफायर अजून तिथंच आहे. उत्तम आहे. कुठं खरखर नाही, कुठं टक्क नाही. मुकुंद लावत नाही. 'विकून टाका' म्हणालो, तर म्हणाला, "बुवा, त्याची काय चूक? त्यानं तर मला ऐकवलं होतं. तोच एक होता, जो मला अण्णांचं ऐकवत होता."

मंडळी, मुकुंदवर थुंकू नका. सोपं आहे ते. आता तुमच्याकडं वळतो.

तुम्ही इथं का बसलात? कीर्तन ऐकायला. चांगली गोष्ट आहे! उत्तम आहे! आणि मी कीर्तनाला उभा राहायच्या आधी देवस्थानच्या मंडळींनी काय सांगितलं? 'बुवांना अडथळा नको, मोबाईल गप्प करा.' तुम्ही केलेत. भाविक माणसं! मीही मनात म्हणालो, वा, काय शिस्त आहे गावाला!

काढा ते फोन. काढा हो, लाजू नका, देव रागावत नाही. बघा, कुणाकुणाचे येऊन गेलेत. घरी कुणाला ठेवून आलात? कुणाला म्हणालात, 'काही लागलं तर फोन कर, मी हाय की'?

आज जयघोष नाही. टाळ खाली ठेवा. त्या खांबाजवळच्या बाई, तुम्ही का उभ्या राहिलात? किती वेळा फोन आलाय? घरचाच ना? मग माझ्याकडं काय बघताय, पाया पडायला थांबू नका, आधी लावा! वाट द्या रे त्यांना.

लागला? वाजतोय?

उचलत नाहीत?

परत लावा, बाई. परत लावा.