बोटभर आखूड नळी

मंडळी, आधी कबूल करतो. काकूंनी चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं, "ह्यांच्या शोकसभेत तू बोलायचंस. नीट लिहून आण." मी लिहिलं नाही. आज नको, उद्या लिहू, असं करत राहिलो. शेवटी आज सकाळी गडहिंग्लजहून येताना एसटीत चार ओळी खरडल्या, त्या मलाच लागेनात. तालमीचा हॉल भरलाय, समोर अण्णांचा फोटो आहे, तेव्हा आता तोंडीच सांगतो.

अण्णांची माझी ओळख जोतिबावर झाली. यात्रेत मी प्लास्टिकच्या दुर्बिणी विकत होतो. त्या वर्षी गुलाल इतका होता, की माझ्या शेजारचा नारळवाला... असू दे ते. अण्णांनी एक दुर्बीण डोळ्याला लावली. म्हणाले, "पावणं, ह्यातनं देऊळ दोन दिसतंय की!" मी म्हणालो, "मग दोनदा दर्शन घ्या." पोट धरून हसले. म्हणाले, "उद्यमनगरात ये. खरी दुर्बीण दावतो."

गेलो. अण्णा शाळांच्या दुर्बिणींसाठी काच घासून आरसे करायचे. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, बाळूकाका, लेथवर नळ्या कापायचे. मी यायचो, राहायचो, गायब व्हायचो. अण्णांनी कधी "कुठं गेलतास?" म्हणून विचारलं नाही.

फोटोशेजारी ठेवलाय तो त्यांचा स्फेरोमीटर. तीन पाय, मधोमध बारीक आट्यांचा स्क्रू, वर गोल चकती. आरशावर ठेवायचा, स्क्रू टेकेपर्यंत फिरवायचा, की खोलगटपणा कळतो. तो खोलगटपणा आणि पायांमधलं अंतर, ह्या हिशेबातून नळीची लांबी ठरते. पण आधी सपाट काचेवर ठेवून शून्य बघायचं. रोज. अण्णा म्हणायचे, "काचंपुढं खोटं चालत न्हाय."

चालतं, मंडळी. मी चालवलं.

तीन वर्षांपूर्वी अण्णा जेवायला गेलते. स्फेरोमीटर माझ्या हातून पडला. एक पाय किंचित बाहेर फाकला. काचेवर ठेवला तर शून्य येईना. मी चकती सैल केली, फिरवून शून्यावर आणली आणि आवळली. झालं. पण पायांमधलं अंतर बदललं होतं. अण्णा हिशेबात पेटीच्या झाकणावर कोरलेलं जुनंच अंतर धरायचे. त्या दिवसापासून काचेवर शून्य, आणि प्रत्येक माप खोटं.

जयसिंगपूरच्या एका शाळेत दुर्बीण बसवली. तिन्हीसांजेला पोरं रांगेत उभी. डोळ्याजवळचं भिंग कितीही बाहेर ओढलं तरी चंद्र म्हणजे नुसता पिठाचा गोळा. नळी बोटभर आखूड.

अण्णा पोरांदेखत ओरडले, "बाळ्या, नळी चुकवलीस!"

"तू दिलंस त्याच मापानं कापली, अण्णा."

"म्हंजे मी खोटा व्हय?"

"मग मी खोटा?"

भिंग माझ्या हातात होतं. मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. बाळूकाकांनी लेथ विकला, कोल्हापूर सोडलं. दोघं भाऊ पुन्हा बोलले नाहीत. आणि मी? मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

गेल्या महिन्यात अण्णांना दवाखान्यात भेटलो. डोळे मिटून म्हणाले, "बाळ्या तसा चुकणारा न्हवं रं. मग चुकलं कोण?"

मी म्हणालो, "पाणी आणू का?"

पाणी आणू का! एवढंच सुचलं मला. सांगा, मंडळी, हे आता कुणाला सांगू? अण्णा ऐकत नाहीत. फोटोला सांगून काय होतंय? काकू, तुम्ही मला इथं बोलायला उभं केलंत. असल्या माणसाला उभं केलंत! बाळूकाकांना मी काल सात वेळा फोन लावला, उचलला नाही. का उचलावा?

मघाशी सगळे फुलं वाहत होते तेव्हा मी स्फेरोमीटर काचेवर ठेवून बघितला. अजून शून्य दाखवतोय.

मला माफ करा म्हणत नाही. एक मिनिट सगळे उभे राहूया. अण्णांसाठी. कुणी काही बोलू नका. मी तर तीन वर्षं...

काय? कोण? जरा बाजूला व्हा, मला दार दिसू दे.

काकू, बाळूकाका आलेत.