डोळे मिटलेला वर्ग

नणंद : वहिनी, बस गं जरा. डॉक्टर आहेत ना आत दादाजवळ. येरझाऱ्या घालून काय होणार?

बाई : अगं, पण सकाळी धडधाकट होते! माझी सतरंजी ह्यांनीच गुंडाळून दिली. वर चिडवलं, "निघालात का म्हाताऱ्यांना झोपवायला?" आणि तेच छातीला हात लावून कोसळले? कसं शक्य आहे?

नणंद : माझ्यासमोर कोसळला, तरी मला खरं वाटत नाहीये... वहिनी, तुझ्या पायात चपला नाहीत.

बाई : हं?

नणंद : अनवाणीच आलीस तू.

बाई : चपला हॉलच्या दाराशी... अगं बाई! वर्ग!

नणंद : कसला वर्ग?

बाई : योगाचा, नवशिक्यांचा! तू मला न्यायला आलीस तेव्हा सगळे शवासनात होते, डोळे मिटून. मी बजावलं होतं, मी 'उठा' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

नणंद : त्याला तास होऊन गेला. गेले असतील आपापल्या घरी.

बाई : पहिलाच दिवस आहे गं त्यांचा! किती वेळ पडायचं असतं, त्यांना काय ठाऊक? दे तुझा फोन. माझा तिथेच राहिलाय.

(फोन बराच वेळ वाजत राहतो.)

काका : हॅलो... जरा हळू बोला, वर्ग चालू आहे.

बाई : कोण? बस चालवायचे ते काका ना?

काका : अरेच्चा, बाई तुम्ही? एक डोळा उघडला मी, माफ करा. फोन थांबेचना.

बाई : तुम्ही... अजून पडून आहात? सगळे?

काका : सगळे. दोघं चक्क घोरतायत. एकीच्या पायाला मुंग्या आल्यात, पण हलली नाही बिचारी. म्हटलं, किती हळुवार शिकवतात बाई, आवाजसुद्धा नाही!

बाई : काका, मी तिथे नाहीये. दवाखान्यात आहे.

काका : काय?

बाई : ह्यांना हार्ट अटॅक आलाय. वाचतील की नाही, कुणी काही बोलत नाही. तुम्हाला तसंच टाकून पळाले मी. उठा हो, उठा सगळे!

काका : अरे देवा... आणि आम्ही इथे मजेत पडलोय!

नणंद : वहिनी! अगं, श्वास घे! काका, ही पांढरीफटक पडलीये!

काका : फोन बाईंच्या कानाला धरा. बाई, ऐकताय? खाली बसा. पाठ भिंतीला टेकवा. खांदे सैल सोडा.

बाई : नाही हो जमत मला...

काका : जमेल तेवढंच करायचं, ओढाताण नको. सकाळी तुम्हीच सांगितलंत. घ्या श्वास... सोडा. सावकाश. परत घ्या.

नणंद : वहिनी, दार उघडलं. डॉक्टर येतायत.

बाई : काका... फोन ठेवू नका हं.

काका : नाही ठेवत. तुमचं कळेपर्यंत इथून कुणी हलत नाही.