चार नंबरच्या टेबलावरची पट्टी

नाही हो मॅडम, किल्ली देतोच आहे, मी कुठं नाही म्हणतोय — बसा आधी. स्टूल डुगडुगतं, जरा जपून. तर सोमवारपासून या खोलीत तुमचे कॉम्प्युटर येणार, आणि मी एकवीस वर्षं शिकवलेलं भौतिक विज्ञान जाणार मागच्या अडगळीत. जाऊ दे. दिवस कॉम्प्युटरवरच्या नकाशांचे आहेत — जीआयएस म्हटलं की प्रवेशाला रांग, लंबक म्हटलं की जांभई. पण तुमच्या विभागाची गंमत सांगू? तुम्ही नव्या आहात, तुम्हाला कोणी सांगणार नाही. मागच्या वर्षी पोरांना पाठवलं रस्त्यावरच्या दिव्यांची नोंद करायला — प्रत्येक खांबाखाली उभं राहायचं, मोबाइलवर ती जागा टिपायची, मग त्याचा नकाशा. पोरं कुठं गेली? कॅन्टीनमध्ये. एका टेबलाशी बसून चाळीस खांबांच्या चाळीस नोंदी. नकाशा तयार — अख्ख्या गावात अंधार आणि कॅन्टीनमध्ये चाळीस दिवे. तुमच्या प्रमुखांनी तो फ्रेम करून जिन्यात लावला. तीन महिने होता. मी येता-जाता नमस्कार करायचो त्याला.

हसा, हसा. आमच्याकडे ही थेरं नव्हती. सगळं हातानं. दोरीला गोळा बांधा, पट्टीनं दोरी मोजा, झोके मोजा, गणित करा, गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पॉइंट आठ. आलं तर सही, नाही आलं तर लाल शाईत 'पुन्हा करा'. आता कोणी मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून आणायचं, ते कळायचं मला — डोळे आहेत — पण उत्तर बरोबर असल्यावर वाद कशाला घाला? म्हणजे आमचंही कॅन्टीनच म्हणा. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय ते.

ती पट्टी ठेवा खाली. चार नंबरच्या टेबलावरची आहे, भंगारात जायची आहे — हो, दोनपासून सुरू होते. तुम्हाला लगेच दिसलं. टोक फुटलं होतं, पोरांच्या बोटांना टोचायचं, म्हणून मीच करवतीनं सरळ केलं. पट्टी लावली की सगळे शेवटचा आकडा वाचतात, सुरुवात कोण बघतं? मीही नाही बघितली. मग झालं काय — दोरी दोन सेंटिमीटर जास्त भरायची, म्हणून या टेबलावर जो खरंखरं मोजेल त्याचं उत्तर दहा, आणि जो उतरवेल त्याचं नऊ पॉइंट आठ.

या टेबलावर माझी भाची होती. बहिणीची मुलगी, शिकायला आमच्याकडेच राहायची. कॉलेजात सर म्हणायची, घरी मामा. तिचं दहा आलं. 'पुन्हा करा'. परत दहा. तिसऱ्यांदा दहा — आणि भर वर्गात तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, मी खरंच मोजलंय." वर्ग हसला. मग मी काय करायचं होतं? पास केली असती तर मामानं भाचीला तारलं म्हणून गावभर झालं असतं. नापास केली. शिस्त म्हणजे शिस्त. बहिणीला सांगितलं, पोरीला डोकं नाही, उगाच वर्षं घालवू नकोस. घेऊन गेली ती तिला.

मला कधी कळलं? दोन वर्षांनी, या कपाटाचं माप हीच पट्टी लावून घेतलं आणि सुताराकडून फळी कापून आणली तेव्हा. फळी बसेचना. बदलली का नाही? अहो, बदलली असती तर का बदलली ते कोणाला तरी सांगावं लागलं असतं. म्हणून राहिली टेबलावर. पुढची नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत किती पोरं 'पुन्हा करा' घेऊन गेली ते विचारू नका.

भाची आता औषधांच्या दुकानात असते, काउंटरवर. दुकानाचा नंबर पाठ आहे मला. लावतो कधीमधी. तीच उचलते. दुकान किती वाजता बंद होतं एवढंच विचारतो, आवाज जरा बदलून, आणि ठेवून देतो. तिला काय कळतंय. मागच्या मंगळवारी लावला — म्हणाली, साडेनऊला. आणि मग म्हणाली, "अजून काही सांगायचं होतं का, मामा?"

ठेवला फोन.

अशा बघू नका माझ्याकडे. ही घ्या तुमची किल्ली. आणि जाताना दार ओढून घ्या.