हवेच्या जाळीतली उदबत्ती

देवाचं नाव झालं, टाळ खाली ठेवा. मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. ज्यानं आपल्याला उभं केलं, त्याचे पाय धरायचे, की त्याच्या पायात रुतलेला काटा काढायचा?

पाय धरायचे म्हणताय? वाटलंच मला! सोपं आहे ना ते! वाकलं, डोकं टेकवलं, उठलं, घरी! काटा काढायचा तर बूड टेकून बसावं लागतं, टाच मांडीवर घ्यावी लागते, वास येतो. ऐका तर मग.

इथलीच गोष्ट, सोलापुरातली. अंबादास येमूल. चादरीवरची नक्षी काढणारा माणूस. पूर्वी नक्षी कागदावर निघायची, आता लॅपटॉपवर निघते. बारीक चौकटी, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. एक चौकट चुकली तर हजार चादरींवर मोराची मान वाकडी!

आधी अंबादास मागावर होता. चाळिशीत कंबर गेली. तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही ते कॉम्प्युटरवरचं शिका. माग मी बघते." राजमणी तिचं नाव. ती मागावर उभी राहिली ती एकोणीस वर्षं! नवऱ्याच्या शिकवणीची फी तिच्या पगारातून. लॅपटॉप तिच्या पगारातून. आणि खटाखट-खटाखट ऐकून ऐकून तिचे कान गेले. आठ वर्षं झाली, बाई ओठांकडे बघून संसार करते!

आता बघा. लॅपटॉपनं अंबादासला उभं केलं, म्हणून अंबादास कृतज्ञ. खंडेनवमी आली की पहिला मान लॅपटॉपचा! पाटावर मांडायचा. हळद, कुंकू, अक्षता, वर अंगारा, झेंडूच्या पाकळ्या. आणि उदबत्ती? उदबत्ती खोचायला भोक हवं. लॅपटॉपच्या अंगाला बारीक जाळी असते ना, तीत खोचायची! फुलंसुद्धा तिथंच. सात खंडेनवम्या! हसू नका. पुढच्या रांगेतले, तुमच्या रिक्षाचा मीटर कुंकवानं लाल झालेला मी बघितलाय!

यंदा काय झालं? कारखानदाराची मोठी ऑर्डर आली, दहा दिवसांत बारा नक्ष्या. आणि लॅपटॉप तापायला लागला. तापला की अडायचा, अडला की विझायचा. अर्धा मोर झाला की काळोख!

अंबादास गेला शोरूमला. काचेचं दार, आत गारवा. गळ्यात पट्टा घातलेला पोरगा लॅपटॉपकडे लांबून बघून म्हणतो, "काका, याचं वय झालं. यात आता पैसे घालू नका. वरचं मॉडेल घ्या. पंच्याण्णव हजार. जुन्याचे आठशे वळते करू."

आठशे! अहो, त्यानं तो उलटासुद्धा करून बघितला नाही! डॉक्टरनं दारातूनच पेशंटला नमस्कार करावा आणि नातेवाइकांना म्हणावं, दुसरा माणूस आणा!

पंच्याण्णव हजार आणायचे कुठून? कारखानदारानं आगाऊ दिलेले पंचवीस खिशात होते, घरात होते सत्तर. राजमणीची भिशी लागली होती. ते कशाला ठेवले होते? तिच्या दोन कानांच्या यंत्रांना. डॉक्टरांनी माप घेतलं होतं. सोमवारी जायचं होतं.

अंबादासनं तिच्यासमोर बसून हळूहळू ओठ हलवत, मोठ्यानं सांगितलं. बाईनं पिशवी काढली, त्याच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. ऑर्डर गेली तर खायचं काय? आणि माझं काय अडलंय? घरात कोण गाणी म्हणतंय मला ऐकायला?"

मंडळी, हे बाईनं हसून सांगितलं. आणि अंबादासनं... घेतले! रागावू नका त्याच्यावर. तुमच्या घरात कुणी हसून काही दिलं की तुम्ही परत करता? मीही करत नाही.

निघाले दोघं. पैसे जपायला पुन्हा तिच्याच कमरेच्या पिशवीत. पण जुन्या नक्ष्या तर काढून घ्यायला हव्यात. म्हणून वाटेत थांबले दिलशादआपाच्या टपरीवर. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, ती लॅपटॉप करते. तोंड तिखट, हात बारीक.

"आपा, एवढ्या नक्ष्या काढून दे. हा मोडीत द्यायचाय."

"कोण म्हणतंय मोडीत?"

"शोरूमवाला."

"उघडून बघितला त्यानं?"

"नाही."

"मग त्याला काय स्वप्न पडलं?" तिनं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत वाकून बघितलं. मग म्हणाली, "अन्ना, इकडं या. हे बघा."

आत पंखा असतो बारका, गरम हवा बाहेर टाकणारा. त्या पंख्यावर लाल थर! कुंकू! हळद! सात तांदूळ तर मोजून निघाले! झेंडूची पाकळी वाळून खडंग! आणि जाळीत मोडलेल्या उदबत्त्यांच्या काड्या!

"पूजा कोण करतं?"

"मी," अंबादास म्हणाला. अभिमानानं हं!

"देवाला फुलं वाहता की नाकात कोंबता? सात वर्षं श्वास घेऊ दिला नाही याला तुम्ही! तरी काम करत राहिला बिचारा!"

अंबादासनं एक काडी उचलून बघितली. दिलशादनं ब्रशनं पंखा साफ केला. म्हणाली, "मेमरी वाढवते, जुनी डिस्क काढून नवी वेगवान टाकते. सात हजारांच्या आत बसेल. खोटं बोलत नाही, सिनेमे बनवायचे असतील तर वरचं मॉडेलच घ्या, हा पुरणार नाही. पण तुमच्या चौकटींना? तीन-चार वर्षं आरामात!"

दोन तासांत मोर पडद्यावर! मानेसकट!

दिलशाद राजमणीला म्हणाली, "वहिनी, पाणी घ्या." राजमणी दुसरीकडे बघत होती. "वहिनी!" नाहीच. दिलशादनं अंबादासकडे पाहिलं. "कधीपासून?"

"आठ वर्षं."

"आणि अजून कानाला यंत्र नाही बसवलं?"

अंबादासकडे उत्तर होतं हो! दर पाडव्याला साडी घेतो. चारचौघांत सांगतो, बायकोमुळं उभा आहे. पण त्याची नजर खाली गेली. समोर टेबलावर कुंकवाचा तो लाल ढीग होता ना!

सात हजार त्यानं आपल्या खिशातून दिले, कारखानदाराच्या आगाऊ पैशातले. लॅपटॉप बगलेत मारला आणि रिक्षा केली. शोरूमला? नाही! सोमवारची वाटसुद्धा बघितली नाही. तडक कानाच्या डॉक्टरकडे!

बुधवारी यंत्रं बसली. बाहेर पायरीवर दोघं उभे. अंबादासनं सवयीनं घसा फोडला, "ऐकू येतंय का गं?"

रस्त्यावरची चार माणसं वळली. राजमणी दचकली, कानावर हात ठेवला, म्हणाली, "अहो, ओरडताय कशाला? येतंय की!"

अंबादास थबकला. आठ वर्षं हा माणूस घरात एक शब्द हळू बोलला नव्हता. मीठ कमी आहे, हे गल्लीला ऐकू जायचं. आणि मनातलं? ते ओरडून सांगता येतं का? आभार ओरडून मानता येतात का हो?

तो तिच्या कानाशी वाकला आणि हळू म्हणाला, "राजमणी, तुझ्यामुळं झालं सगळं."

तिनं कानावरचा हात काढला. म्हणाली, "परत म्हणा."

मंडळी, उद्या खंडेनवमी. करवत, शिलाई मशीन, मीटर, लॅपटॉप पाटावर मांडाल. आधी कोरडं फडकं घ्या. झाकण उघडा, धूळ काढा, तेल द्या, मग कुंकवाचं एक बोट. बाहेरून! आणि वरचं मॉडेल घ्यायची खुमखुमी आली, तर आधी घरातलं उघडून बघा. गरज असेल तर जरूर घ्या, देव रागावत नाही. पण न बघता टाकू नका!

आणि अजून एक. तुम्हाला उभं करणारं माणूस आत्ता या मांडवातच बसलंय. त्या बाजूला, बायकांत. नाहीतर घरी भाकरी झाकून वाट बघतंय. त्याला साडी नको, सत्कार नको. जा, शेजारी बसा आणि हळू आवाजात विचारा, "तुला कुठं दुखतं?"

आता नामघोष घेऊ. पण आज मोठ्यानं नको. हळू म्हणा. शेजारच्याला ऐकू येईल एवढंच.