फर्निचरचा एस

मिलिंदच्या दुकानाचं उद्घाटन सांगितलं का तुम्हाला? नव्वदीतली गोष्ट. माझ्या या शाळेतल्या दोस्तानं कनेरगाव नाक्यावर फर्निचरचं दुकान टाकलं आणि फीत कापायला आमच्या इंग्रजीच्या सरांना बोलावलं. सरांनी कात्री घेतली, वर पाहिलं आणि थांबले. बोर्डावर इंग्रजीत ‘फर्निचर्स’ लिहिलं होतं.

"मिलिंद, शेवटी एस काहून लावला?"

"सर, आत खुर्च्या हायेत, पलंग हायेत. एकच वस्तू हाय असं वाटू नये."

"दुकान भरून सामान असलं तरी फर्निचरच. त्याला अनेकवचन न्हाई. आधी पुस."

"फीत तं कापा, सर. पेंटर उद्या पुसल."

"तोवर शाळेची पोरं तेच वाचतील ना."

पाहुणे उन्हात ताटकळले. मिलिंद रडकुंडीला आला. शेवटी त्याची बायकोच स्टुलावर चढली. रंग अजून ओला होता. तिनं रॉकेलच्या बोळ्यानं एस पुसला, तेव्हा कुठं सरांनी फीत कापली.

मिलिंदची आई सरांना पेढा देत म्हणाली, "सर, तुमाला उद्घाटनाला बोलावलं, अन् तुमी पेपर तपासून राहिले."

सर पेढा खात म्हणाले, "तपासला. पास हाय पोरगं."