झरीत सगळं बियाणं तरंगलं तेव्हा

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मला झरी गावात एका काकूंच्या शेतावर पाठवलं होतं, ते सांगितलं का तुम्हाला? भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून कसं निवडायचं, ते काकूंना शिकवायचं होतं. पोचट दाणे तरंगतात, चांगले बुडतात, एवढंच. समोर सर मार्कांचा कागद घेऊन बसलेले. मी बियाणं ओतलं आणि सगळंच वर आलं. वाटलं, आता डिग्री अडकणार.

काकू हळूच म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय. अजून पाणी ओत. दरवर्षी तुमच्या कॉलेजची पोरं हेच करतात."

पाणी ओतलं, तसे चांगले दाणे खाली बसले.

सरांनी सगळं पाहिलं होतं. "काकू, हिनं तुम्हाला काय शिकवलं?"



काकू म्हणाल्या, "मीठ जास्त पडलं तर काय करायचं, ते."